ऐरण बघायला

"हय ऐरण विकूची आसा मा?"

दारात उभ्या असलेल्या त्या उंच, सावळ्या तरुणाने विचारलं, तेव्हा मी भात्याजवळची राख काढत होते. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. गणपती नुकतेच गावाला गेले होते. बाबांचा उजवा हात उचलेनासा झाला आणि मालवणातली आमची लोहारसाळ बंद पडली. ऐरण विकायची, असं त्यांनी ठरवलं होतं... आणि ती जाऊ द्यायची नाही, असं मी. लहानपणापासून तिच्या नादावर मी भाता ओढला होता.

तो पिंगुळीचा भिकाजी. कोयते घडवायचा. त्याने हातोडी उचलली—

"थांबा! रिकाम्या ऐरणीर घाव घालूचो नसता. आमच्यात चलना नाय."

"मगे नाद कसो ऐकू? नादार तर भाव ठरता."

"तापलेला लोखंड ठेवा, मगे मारा."

बोलून बसले खरी, पण मग भाता कोण ओढणार? मीच! ओट्यावर बसलेले बाबा मिशीत हसले.

भट्टी फुलली. लालभडक पात्यावर पहिला घाव पडला... ठण्ण! त्याचा चेहरा उजळला. मला राग आला. तरी त्या घामेजल्या मनगटावरून नजर काही हटेना.

कुंपणापलीकडून शेजारची राधाबाई ओरडली, "गो सुगंधा, ह्यो झील ऐरण बघूक इलो हा की तुका?"

मी खाली मान घालून म्हटलं, "ऐरणीचो कोपरो फुटलो हा."

"आसांदे. माका मधलीच जागा लागता."

"मधी खळगो पडलो हा!"

त्याने त्या खळग्यावरून हलकेच तळवा फिरवला. "ह्योच तर होयो. वाकडा पाता हय ठेवन मारला की सरळ जाता. सपाट ऐरणीर जमना नाय." मग हळूच, "तुमी ऐरण विकतास की माका हाकलतास?"

"नावां ऐरणीक ठेवतंय... तुमका नाय."

जीभ चावली मी!

"बोल रे झिला, काय देतलंस?" बाबांनी विचारलं.

"सव्वाशे."

"फुटक्या कोपऱ्याचे पंचवीस कमी कर."

"खळग्याचे पंचवीस वाढवतंय."

असा उलटा सौदा मी कधी ऐकला नव्हता. तेवढ्यात तो अडखळला. "पण एक अडचण आसा... घराकडे भातो ओढूक कोण नाय."

"भातो विकूचो नाय," मी फटकन म्हटलं.

"इकत कोण मागता?" तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "ओढणारी येयत काय... इतक्याच इचारतंय."

भट्टी तापली होती की माझे कान, कळेना. मी भात्याची दोरी धरली आणि एकदाच... जोरात ओढली. ज्वाळ उसळली.

बाबांनी ते पाहिलं. डोळे पुसत म्हणाले, "मगे भाव रवांदे रे. लेकीच्या आंदणाचो कोण सौदो करता काय?"

मार्गशीर्षात बैलगाडी पिंगुळीला निघाली. पुढे ऐरण, मागे मी. वाटभर तिच्यावर हात ठेवून बसले होते.

आमच्या साळीत ती अजून आहे. खळगा आणखी खोल झालाय. परवा ह्यांनी सुरकुतल्या हाताने हातोडी उचलली.

"रिकाम्या ऐरणीर—"

"ठावक आसा गो," हे हसले. "तू भातो ओढतलंस म्हणानच उचललंय."

मी पदर खोचला आणि उठले.