जुन्या दिव्यांना परवानगी

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीवर दिवा असे आणि दिव्याच्या पोटात बिनतारी यंत्र. बोगद्यांत ठिकठिकाणी बसवलेले डबे त्या यंत्राला ओळख विचारत. ओळख पटली की वरच्या खोलीतल्या पडद्यावर त्या माणसाचा ठिपका उमटे. पडदा सांभाळायचं काम तिचं. नवरा खाली, बायको वर. लोक थट्टा करत, "वहिनी, आमचं राहू द्या, दादांवर तेवढी नजर ठेवा."

पण दादाच पडद्यावर दिसत नसत. कंपनीने नेटवर्कचं कुलूप बदललं होतं. जुन्या दिव्यांना नव्या कुलुपाची भाषा कळेना, म्हणून ते भंगारात गेले. नवऱ्याने मात्र आपला दिला नाही. "डोक्याला बसलाय तो माझ्या. नवा टोचतो." त्यावरून रोज खटके उडत. त्या सकाळीही उडाले आणि तो न बोलताच निघून गेला.

दुपारी तळाच्या बोगद्यात छत कोसळलं. बाकी सगळे धापा टाकत वर आले. तो आला नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ लुकलुकू लागली. अनोळखी जुनं उपकरण प्रवेश मागत आहे.

"तोच आहे," ती म्हणाली. "साहेब, आत घ्या त्याला. घेतल्याशिवाय कुठे अडकलाय ते कळायचं नाही."

इंजिनिअरने कपाळ चोळलं. "एकट्यासाठी उघडता येत नाही, ताई. उघडलं तर सगळ्या जुन्यांसाठी उघडेल."

"जुना दिवा घेऊन फिरणारा दुसरा आहे कोण? हट्टी तेवढा एकच."

त्याने कुलूप काढलं.

ठिपका उमटला, अगदी तळाशी, जुन्या भिंतीजवळ. ती भिंत दोघांनाही ठाऊक होती. फार वर्षांपूर्वी तिथलंच छत बसलं होतं. हाती न लागलेली माणसं तशीच आत ठेवून कंपनीने तोंड बुजवलं होतं.

"भिंतीच्या अलीकडेच आहे ना?" तिने विचारलं.

"अलीकडेच असणार," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. मुकादम माणसं घेऊन खाली उतरला.

ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका आला. मग तिसरा. मग सगळेच हळूहळू सरकू लागले.

फोन वाजला. मुकादमच होता. "वहिनी, सापडला! पाय मोडलाय, पण शिव्या घालतोय."

फोन इंजिनिअरने घेतला. "त्याचा दिवा?"

"फुटलाय की. नवा कोरा होता बिचारा. आज सकाळीच घेतला, नोंदही व्हायची होती."

इंजिनिअरने घाईघाईने कुलूप पुन्हा लावलं. ठिपके गेले नाहीत. ते आता माणसं वर-खाली नेणाऱ्या पिंजऱ्यापाशी पोचले होते.

ती खाणीच्या तोंडाकडे धावली. पिंजरा ओढणारा म्हातारा खालच्यांवर ओरडत होता, "किती जण कोंबलेत रे? यंत्र कण्हतंय!"

"दोघंच आहोत, बाबा. बाकीचे पुढच्या खेपेला. ओढ लवकर," खालून मुकादम ओरडला.

पिंजरा आला. मुकादमाच्या पाठीवर नवरा होता, चेहरा चुन्यासारखा. त्याने तिचा हात घट्ट धरला.

"उघडलं कुणी, असं विचारत होते."

"कोण?"

त्याने मान वळवून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

ओझं उतरलं की दोराला टांगलेला पिंजरा बोटभर वर सरकतो. मुकादम नवऱ्याला घेऊन उतरला आणि पिंजरा वर सरकला. म्हातारा दार लावायला पुढे झाला. तिथेच थबकला.

रिकामा पिंजरा पुन्हा बोटभर वर सरकला.

मग पुन्हा.