ओटीचं नारळ

“हे नारळ कोनं फोडलं?”

स्वयंपाकघराच्या दारात पंचफुलाबाई उभ्या होत्या. बाहेरच्या खोलीत सवाष्णींचं हसणं-खिदळणं चाललं होतं, अंजूची सातव्या महिन्याची ओटी नुकतीच भरून झाली होती, आणि इथे शेगडीशेजारी तेच ओटीतलं नारळ, हळदीकुंकवाची बोटं तशीच असलेलं, दोन शकलं होऊन पडलं होतं! पाणी फरशीवर सांडलं होतं. एका बाजूला कुसुमावती, हातात गोडलिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, डहाळी घेऊन. दुसऱ्या बाजूला अंजू, पांढरीफटक पडलेली, गालात खोबऱ्याचा तुकडा तसाच धरून.

“मी इचारून राहिली नं, कोनं फोडलं?”

कुसुमावतीने अंजूकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर सगळंच उघडं पडलं असतं... “मी फोडलं, बाई,” ती म्हणाली. “चटणीले कमी पडत होतं. ओटीचं आहे हे ध्यानातच नाही आलं.”

खोटं होतं ते! धादांत खोटं! चटणी तर केव्हाच वाटून झाली होती. ओलं खोबरं, फुटाण्याची डाळ, हिरवी मिरची, आलं, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, जरासं दही... पातेलं भरून तयार होतं, वरून फोडणी तेवढी द्यायची राहिली होती. त्या फोडणीसाठी कुसुमावती मागच्या अंगणातला गोडलिंब तोडायला गेली, आणि परत येऊन बघते तो अंजूच्या हातात वरवंटा, नारळ फुटलेलं आणि तोंडात पहिला तुकडा! “ताई, वासानं राहवलंच नाही हो,” असं ती लहान पोरीसारखी हसून म्हणाली, आणि तेवढ्यात दारात नणंदेच्या बांगड्या वाजल्या.

गरोदर बाईने नारळ फोडायचं नाही. दुसरं कुणी फोडत असलं तर तिथे उभंही राहायचं नाही. आणि ओटीतलं नारळ तर घरातल्या पुरुषाने फोडायचं, त्याचं गोडधोड करून घरच्यांनीच खायचं, त्याला मिरचीचा हात लागू द्यायचा नाही. ही सगळी रीत अंजूने ऐकली असेल-नसेल, विसरली असेल... पण कुसुमावतीला ती विसरण्याची सोय नव्हती. तिला ती फार महाग पडली होती!

तसं पाहिलं तर नागपूरकडच्या स्वयंपाकात ओल्या नारळाला कुठला आला मान? आपल्या रश्श्यात जातं ते सुकं खोबरं, विस्तवावर काळपट भाजून कांद्याबरोबर वाटलेलं. ओलं नारळ म्हणजे देवापुढचं, मांडवातलं, ओटीतलं. रोज उठून नारळं फोडून चटणी वाटणारं घर हे विणकरांच्या त्या वस्तीत हसण्यावारी नेण्याचाच विषय होतं. पण कुसुमावतीच्या नवऱ्याचा, ईश्वरदासचा हातमाग बंद पडला, पोटाने रीत बघितली नाही, आणि त्याने इडलीची गाडी काढली. कळमन्याच्या बाजारातून पोत्यातून नारळं यायची, तो फोडायचा, ती वाटायची. संसार साधाच होता, पण सुखाचा होता.

मग ती सकाळ आली... ईश्वरदास तापाने फणफणलेला, गाडीपाशी गिऱ्हाईक खोळंबलेलं, आणि पोटात सहा महिन्यांचा जीव घेऊन उभी असलेली कुसुमावती! चटणीशिवाय इडली कोण घेणार? तिने क्षणभर देवाचं नाव घेतलं, कोयता उचलला आणि नारळं फोडली. त्याच आठवड्यात तिची कूस रिकामी झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या होत्या की बाळच आत दुबळं होतं, बाई, यात तुझा काही दोष नाही. पण डॉक्टरीणबाई दवाखान्यात राहिल्या आणि कुसुमावतीला घरी यावं लागलं, आणि घराच्या उंबऱ्यातच या मोठ्या नणंदेचं वाक्य तिच्या स्वागताला उभं होतं, “नारळ फोडून पोर खाल्लं हिनं!”

त्यानंतर पुन्हा कधी कूस उजवली नाही. पुढे ईश्वरदासही गेला, आणि मागे राहिला तो त्याचा शाळकरी भाऊ, प्रज्वल. त्या पोरक्या दिराला तिने पोटच्या गोळ्यासारखं वाढवलं, त्याच गाडीवर, त्याच नारळांवर! सकाळी पहिल्या नारळाचं पाणी ती स्टीलच्या पेल्यात काढून त्याच्यासाठी झाकून ठेवायची. ते पिऊनच तो शाळेत जायचा. गाडीचं हुडकेश्वरला डोसा सेंटर झालं, भाड्याच्या खोलीचं घर झालं. किती नारळं फुटली असतील त्या हातांनी! पण दसऱ्याचं, लग्नाचं, गृहप्रवेशाचं एक नारळ कुणी तिच्या हाती दिलं नाही. धंद्याचं नारळ तिचं आणि मानाचं नारळ दुसऱ्यांचं, अशी वाटणी कुणी न बोलताच होऊन गेली होती. आजही ओटी भरताना ती स्वयंपाकघरातच होती, आपण होऊन.

आणि आता प्रज्वलची बायको, अंजू... पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं गमावलेली, किती नवसांनी पुन्हा दिवस राहिलेली अंजू! उद्या काही कमीजास्त झालं, तर तेच वाक्य या पोरीच्या कपाळी जन्मभर चिकटेल, जेवताना, निजताना, दुसऱ्याचं लेकरू उचलताना. नाही! ते दुःख कुणा वैरिणीच्याही वाट्याला नको. माझ्या कपाळावर ते आधीच गोंदलेलं आहे, त्यात आणखी एकाची भर पडली म्हणून काय बिघडतं? कुसुमावतीच्या व्याकूळ अंतःकरणाने एवढाच हिशेब केला होता.

“पांढऱ्या कपाळानं पोटुशीच्या ओटीचं नारळ फोडलं!” पंचफुलाबाईंनी कपाळ बडवून घेतलं. “अवं कुसुमे, हात नाही कापले वं तुह्ये? आपलं खाल्लं, आता प्रज्वलचंही खातं का?”

बाहेरचं हसणं एकदम थांबलं. गलका ऐकून प्रज्वल आत आला. त्याने फुटलेलं नारळ पाहिलं, बहिणीचा संताप पाहिला, वहिनीची खाली गेलेली मान पाहिली. चांगला शिकलेला, शहाणा माणूस. पण एक मूल गमावलेल्या बापाचं शहाणपण कितीसं टिकणार!

“वहिनी...” तो म्हणाला, “दुसरं कोनी असतं तर मी समजून घेतलं असतं. पण तुले माहीत होतं नं? तुह्याइतकं कोनाले माहीत होतं? मंग काहून केलं असं?”

“चुकलं माह्यं, बाप्पा.”

“चुकलं म्हणते!” पंचफुलाबाई कडाडल्या. “त्या हातची चटणी आता एकही सवाष्ण खाणार नाही. फेक ते!”

आणि प्रज्वलने, त्या पेल्यातलं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या प्रज्वलने, चटणीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि मोरीत पालथं केलं! हिरवंपांढरं वाटण जाळीपाशी तुंबून राहिलं. आता तरी... आता तरी अंजू बोलेल! एकच शब्द, “मी”... तिने पहिल्यांदाच जावेकडे मान वळवली.

अंजूच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तिने गालातला तुकडा हळूच गिळला, आणि ती काहीच बोलली नाही.

“वहिनी,” प्रज्वल भिंतीकडे बघत म्हणाला, “बाळंतपण होईस्तोवर तू उमरेडले तुह्या भावाकडे जाऊन राह्य. अंजूच्या मनाले घोर नको.”

त्या दिवशीच्या सवाष्णी डोशाबरोबर नुसतं डाळीचं सांबार खाऊन गेल्या. कुसुमावती दोन लुगडी पिशवीत घालून उमरेडच्या गाडीत बसली.

भावाच्या घरी कुणी तिला टोचून बोललं नाही, पण आश्रिताच्या घासाला चव ती काय असणार! ती शेंगा निवडायची, भावजयीच्या हाताखाली राबायची, आणि देवापुढे बसली की एकच मागायची, पोर सुखरूप होऊ दे. तिला स्वतःला ठाऊक होतं, या मागण्यात तिचं सगळीकडून मरणच होतं. पोर गेलं तर म्हणतील, हिने नारळ फोडलं म्हणून गेलं. आणि जगलं तर म्हणतील, हिला घालवून दिलं म्हणून जगलं! तरीही ती मागत राहिली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात एक काळी भीतीही होती... नारळाने खरोखरच पोर जातं, हे इतक्या वर्षांत ऐकून ऐकून तिचंही मन मानू लागलं होतं.

मुलगी झाली. प्रज्वलचा फोन आला, “दोघीही बऱ्या आहेत, वहिनी.” ये म्हणून तो म्हणाला नाही. बारसंही तिच्याविना झालं. पंचफुलाबाईंनी गावभर सांगितलं की अवदसा वेळेवर बाहेर काढली, म्हणून लेकरू वाचलं. कुसुमावतीला हे भावजयीकडून कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने ती भाकरी तव्यावर टाकली आणि मग पदराने डोळे पुसले.

सव्वा महिना उलटल्यावर एका दुपारी दारात गाडी थांबली. प्रज्वल उतरला, पाठोपाठ पंचफुलाबाई, आणि शेवटी कुशीत लेकरू घेऊन अंजू. “मोठ्या आईच्या पाया पडवायचं आहे, आणि बाई तुम्हीही चला,” असा हट्टच तिने धरला होता म्हणे. ओसरीवर पाणी झालं, चहा झाला.

“त्या दिवशी नारळ मी फोडलं होतं,” अंजू अचानक म्हणाली.

प्रज्वलने कपबशी खाली ठेवली. “काय?”

“मी फोडलं. वरवंट्यानं. ताई तर मागं गेल्या होत्या... मले भेव वाटलं. काही झालं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मलेच...” तिला हुंदका आवरेना. “रोज वाटे आज सांगीन. रोज जीभ अडे. इले पाजायले घेतलं की ताईचं तोंड दिसते मले!”

“अन् तू वहिनीले जाऊ दिलं?” प्रज्वल ओरडला, पण ते ओरडणं अर्ध्यावरच विरलं, कारण जाऊ देणारा कोण होता ते त्याला आठवलं. तो वहिनीच्या पायांवर कोसळला. “वहिनी, मार मले! मोरीत चटणी नाही वं, तुह्यं सगळं केलेलं ओतलं मी... चाल घरी!”

कुसुमावतीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण तिचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती त्या तान्ह्या पोरीकडे बघत होती. गोबऱ्या गालांची, मुठी आवळून निजलेली, ठणठणीत पोर! आईने नारळ फोडलं होतं, आणि ही जगली होती... अंगणातली सावली सरकावी तसं काहीतरी तिच्या मनावरून हळूहळू सरकत होतं.

“बाई,” ती पंचफुलाबाईंना म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “इनं फोडलं, अन् इचं लेकरू जगलं. मंग माह्यं कायनं गेलं? सांगा नं, बाई... माह्यं पोर कोनं खाल्लं?”

सगळ्या घराला पुरून उरणाऱ्या पंचफुलाबाई उठल्या, अंजूने आणलेलं नारळ पिशवीतून काढलं, कुंकवाचं बोट लावलं आणि कुसुमावतीच्या पदरात घातलं. विधवेची ओटी! त्यांनी आयुष्यात कधी भरली नव्हती.

कुसुमावती रडली नाही. नारळाकडे तिने पाहिलंही नाही.

“येईन मी घरी,” ती म्हणाली. “पोरीले तेल लावीन, न्हाऊ घालीन. पण नारळ आता माह्या हातानं फुटणार नाही, चटणी तुम्ही वाटा. अन् बाई, एक सांगा. तवा दवाखान्यात तुम्हीच होत्या. माह्यं पोरगं होतं का पोरगी? मले कोनी दाखवलंच नाही. इचारलं तर म्हणे, मेलेल्याचं काय इचारतं.”

पंचफुलाबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

“पोरगी होती, कुसुम,” त्या म्हणाल्या. “तुह्याच तोंडावळ्याची होती.”

कुसुमावतीने हळूच मान हलवली. मग पदरातलं नारळ काढून बाजूला ठेवलं आणि अंजूपुढे दोन्ही हात पसरले.

“दे वं इले इकडं,” ती म्हणाली.