धानातल्या हिरव्या रेघा

"ट्रॅक्टरच्या चाकाच्या रेघा आहेत त्या! काहून डोकं खाऊन राहिली?" दिवाकरकाकांनी मोबाइल इरावतीच्या हातात परत दिला आणि आणखी एक चकली उचलली.

इरावतीनं फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. काकांचं अभनपूर रस्त्यावरचं शेत लग्नाचे फोटो काढणाऱ्या लोकेशभैयानं ड्रोननं टिपलं होतं. पिवळ्या पडलेल्या धानात हिरव्या रेघांचे मोठाले चौकोन दिसत होते. कापणी झाली, की काका तिथं जेसीबी लावून सगळं सपाट करणार होते!

बाबा इथं असते तर! तिचे बाबा, चारुदत्त, जुन्या वस्त्या शोधायच्या कामावर ओडिशात होते. याही दिवाळीला ते आले नव्हते, त्यांच्या वाटचा फराळ डब्यात तसाच पडून होता. रेघा जुन्या निघाल्या, तर बाबांना यावंच लागेल!

सकाळी काका शेतावर निघाले, तर गाडीत इरावती, शेजारचा प्रशिक आणि मैत्रीण पिंकी आधीच ठाण मांडून बसली होती!

पण शेतात सगळं पिवळंच! "यहाँ तो कुछ भी नहीं है!" पिंकी हिरमुसली.

"थांब न!" प्रशिक फोटो धरून बांधावर चढला. "इरा, डावीकडं... अजून... बस्स!"

इरावतीच्या पायाशी धान हिरवं होतं! ती त्या पट्ट्यातून बांधापर्यंत गेली आणि पलीकडं उतरली. तिथंही हिरवंच!

"काका, ट्रॅक्टर बांधावरून जाते का?"

"बांध फुटन न, पोट्टे!"

"मंग रेघ बांधाच्या खालून कशी गेली? खाली बुजलेली नाली असन. तिथं ओल टिकते, म्हणून धान उशिरा पिकते. बाबानंच शिकवलं मले!"

काका बांधावर बसलेच. "हे बांध तर माह्या आजोबानं घातले. म्हणजे नाली त्याच्याही आधीची!"

"अन् हा फिका गोल? राजवाडा!" प्रशिक फोटोवर बोट ठेवून ओरडला.

इरावतीलाही राजवाडाच हवा होता. राजवाड्यासाठी बाबा धावत आले असते! पण काका म्हणाले, "ते आपलं जुनं खळं. तिथं बाबाच्या खांद्यावर बसून नाचायची तू."

तिला ते आठवलं आणि डोळे भरून आले. तिनं बाबांना फोटो धाडला, खाली लिहिलं, 'गोल आपला आहे. रेघा कदाचित जुन्या. कापणीनंतर काका जेसीबी लावणार आहेत.'

लगेच बाबांचा फोन आला. "शाब्बास! कदाचित लिहिलं, ते फार आवडलं मले. जेसीबी थांबवा, येतो मी!"

बाबा आले तोवर कापणी उरकली होती. रानभर एकसारखे पिवळे खुंट.

"कुठं आहेत रेघा?" बाबांनी विचारलं.

"पोरीच्या मागं चाल," काका अभिमानानं म्हणाले. "तिले पाठ आहे सगळं!"

इरावतीनं बाबांचं बोट घट्ट धरलं आणि न दिसणाऱ्या रेघेवरून चालायला लागली. मुद्दाम अगदी हळूहळू.