थांबत नाही तो गजर

या, जरा पुढं सरकून बसा. एका गळ्याची गोष्ट सांगतो.

कीर्तनकार कृष्णाताई केळूसकरांच्या मानेत लिंबाएवढी गाठ होती. कर्करोग नव्हे, लसिकावाहिन्या, म्हणजे अंगातलं पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या, फुगून झालेली नुसती पाण्याची पिशवी. पण ती श्वासनलिकेवर रेलू लागली, आणि कापायला जावं तर आवाजाची नस जाण्याचं भय.

"या भक्षकपेशी गाठीचं अस्तर खातील," प्रयोगशाळेत डॉ. निरुपमा ठोसर म्हणाल्या.

"आणि गाठ संपल्यावर?" ताईंनी विचारलं.

"लसिकावाहिन्यांचं तेच अस्तर अंगभर आहे," पेशी घडवणारे डॉ. फिरोज मुजावर म्हणाले. "म्हणून कुलूप घातलंय. तुमच्या चालीत गजर म्हणताना गळ्याच्या नसांतून जो विद्युतसंदेश जातो, त्यानंच त्या जागतात, वाढतात. बोलताना, गिळताना तो उमटत नाही. एकवीस दिवस संदेश मिळाला नाही, की मरतात."

"म्हणजे औषध माझं नि नाव तुमचं, फिरोजभाऊ!" ताई हसल्या.

दीड महिना रोज दहा मिनिटं गजर. गाठ विरली. मग पेशी मराव्यात म्हणून मौन, खबरदारी म्हणून बोलणंही बंद. ताईंनी कीर्तनं नाकारली; आरतीलाही ओठ मिटून उभ्या राहिल्या.

विसाव्या दिवशी तपासणी झाली. पेशी दुप्पट झाल्या होत्या. काखेतल्या निरोगी लसिकाग्रंथी कुरतडलेल्या.

"ताई, खरं सांगा. गायलात?" मुजावरांनी विचारलं.

ताईंनी पाटीवर लिहिलं : देवाशपथ, नाही.

ठोसरांनी गळ्याला संवेदक लावला. खोली चिडीचूप. पडद्यावर मात्र रेघ नाचत होती, टाळाच्या ठेक्यात.

"मनात काय चाललंय?"

ताईंनी लिहिलं : नाम. ते तर चालूच असतं.

मुजावर पडद्याजवळ गेले. मनात म्हटलेलं अक्षरही गळ्याच्या नसांपर्यंत जातं, फक्त आवाज होत नाही, हे त्यांनी वाचलं होतं. मनात अखंड गाणारं माणूस पाहिलं नव्हतं.

"थांबवा, ताई. निदान चाल बदला!"

ताईंनी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. शेवटी गुंगीचं औषध दिलं. रेघ सपाट झाली. दोघांनी श्वास सोडला. आणि गाढ झोपेत रेघ पुन्हा उठली, जुन्याच चालीत.

"पेशी मारायचं औषध?" ठोसरांनी विचारलं.

"कुलपावर विसंबलो. केलंच नाही."

जाग आल्यावर ताईंनी दोघांचे चेहरे पाहिले, पाटी बाजूला ठेवली.

"हे थांबू नये म्हणून तीस वर्षं घालवली हो, फिरोजभाऊ. आता मोठ्यानं तरी म्हणू द्या."

श्रोतेहो, नाम घ्याल तेव्हा कृष्णाताईंची आठवण ठेवा. मनातल्या मनात ठेवलीत, तरी गळ्यापर्यंत पोचेल.