हे तळण कुणी खाल्लं?

इंधन-मान्यता समितीच्या डॉ. इरावती केळुसकरांचं पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं आणि मन्मथअप्पा हलकुड्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र दोनच ओळींचं. 'तेलात तळण झालं आहे, हे तुमचं यंत्र ओळखतं. ते तळण कुणी खाल्लं की नाही, हे त्याला कळतं का?'

अप्पांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. आपण उदगीरचे निवृत्त प्राध्यापक. एवढ्या मोठ्या बाईंना आपण काय सांगणार? प्रश्न समजण्यातच आपलं काही चुकत असेल, असं म्हणून ते परत वाचनात बुडाले.

यंत्र मात्र त्यांचंच होतं. खाद्यतेलातला प्राणवायू हायड्रोजन वापरून काढून टाकला, की त्याचं विमानाचं इंधन करता येतं. पद्धत मान्यताप्राप्त होती. अट एकच: तेल वापरलेलं हवं. माणसाच्या तोंडचं ताजं तेल विमानाला घालायचं नाही. तळताना तेल मोडतं आणि त्यातून काही खास वाफा निघतात. अप्पांची डबी त्या हुंगायची आणि हिरवा दिवा लावायची. लोक तिला 'नाक' म्हणत. देशभरच्या संकलन केंद्रांवर आता नाकं बसली होती, आणि विमान कंपन्यांची ओढ इतकी, की तळलेलं तेल ताज्यापेक्षा महाग झालं होतं.

संक्रांत झाली आणि अप्पांच्या पत्नी रत्नमालाबाईंनी ताटात बिनफोडणीचं वरण वाढलं.

"दुकानात तेल नाही," त्या म्हणाल्या. "शेवंताकडं मात्र रोज पिंपं उतरायलीत. एवढं मोठं नाक केलात, तुम्हाला कसा वास आला नाही?"

बसस्थानकामागे शेवंताबाईचा भज्यांचा गाडा असायचा. अप्पा बघायला गेले, तर तिथे आता पत्र्याची शेड होती. आत कढयांची रांग कढत होती, बेसनाचा कुठे पत्ता नव्हता. शेवंताबाई काळा ठिक्कर पडलेला बटाट्याचा एक तुकडा झाऱ्याने या कढईतून उचलून त्या कढईत सोडत होती.

"हे काय तळायलात, शेवंताबाई?"

"तेल तळायलेय, सर."

"आणि भजी?"

"भजं तेल पितंय. ह्यो तुकडा पीत नाही."

"पण हे करडईचं ताजं तेल आहे!"

"सकाळी होतं." तिने फळीवरचं नाक उचलून कढईवर धरलं. हिरवा दिवा लागला. "बघा. तुमचंच लेकरू सांगायलंय."

अप्पा बाजूच्या स्टुलावर बसले.

"मला समितीच्या बाईंचं एक पत्र आलंय," ते म्हणाले. "खरं उत्तर दिलं तर हे सगळं बंद होईल."

"द्या की. कुणी हात धरलाय?" झारा कढईच्या काठावर आपटला. "पोरगी लातूरला नर्सिंगला आहे. भज्यांवर तिची दहावी झाली, कॉलेज ह्या तुकड्यावर चाललंय. आणि मी एकटीच करते व्हय? गल्ली हिंडून बघा."

"शाळेच्या खिचडीतसुद्धा तेल नाही हो आता."

"माहीत आहे. आधी मीच शिजवायची तिथं." शेवंताबाईने गॅस बारीक केला. काळा तुकडा झाऱ्यावर निथळत धरून ती म्हणाली, "बंद करा, सर. लेकरांच्या तोंडचं हाय, मलाबी कळतंय. पण मग आम्ही काय करायचं, ते त्या बाईला विचारा. तुम्हाला लाज वाटत असंल तर माझं नाव घाला."

घरी येऊन अप्पांनी कागद घेतला. 'कदाचित' असा पहिला शब्द लिहिला आणि तो खोडला. मग लिहिलं: 'नाही. माझ्या यंत्राला ते कळत नाही. इथे कुणीही न खाता तेल तळलं जातं आणि यंत्र त्याला होकार देतं. त्याची मान्यता काढून घ्यावी.' खाली नावासकट शेवंताबाईचा प्रश्न लिहिला: 'उद्यापासून मी कढईत काय सोडू?'

इंधन बनवण्याच्या किती पद्धतींना समितीने मान्यता दिली होती, ते अप्पांना तोंडपाठ होतं. या प्रश्नाच्या उत्तराची एखादी पद्धत समितीकडे असेल का? नसेल तर आपण नुसती एका बाईची चूल विझवली का?

पोस्टाच्या पेटीशी ते थोडा वेळ घुटमळले, आणि मग पाकीट आत टाकलं.