बतूलचा पाचचा चहा

मोरोक्कोतल्या आमच्या अझमूरला पाव घरी मळायचा आणि गल्लीतल्या भट्टीवर भाजून आणायचा. जिलालीकाकांच्या भट्टीत सगळ्या गल्लीचे गोल पाव एकत्र जातात, म्हणून प्रत्येक घराची आपापली खूण. मी काट्याने तीन टोचे मारते. माझ्याआधी आमच्या घरून जो पाव यायचा, त्यावर चहाच्या ग्लासाच्या काठाने उमटवलेली चंद्रकोर असायची. ती बतूलची खूण. बतूल म्हणजे बूशैबची पहिली बायको. मी त्या घरात आले तेव्हा तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मेलेल्या बाईचा मत्सर करू नये, हे मला कळतं. पण वळत नाही, त्याला काय करू?

रमजान जवळ आला होता. त्या दिवशी भट्टीवर नेहमीचाच वाद पेटला होता. शेजारची हनिया करवादली, "मेलं हे सरकारी घड्याळ! पोरं अंधारात ठेचकाळत शाळेत जातात. वेळ एक तास पुढे नेताना कोंबड्याला विचारलं होतं का कुणी?"

"आणि संध्याकाळी उजेडात बाजार होतो, तो नको का?" मी म्हटलं. "शिवाय ह्यांच्या ऑफिसला दिवसभर फ्रान्सशी बोलायचं असतं. घड्याळं जुळायला नकोत?"

"जुळव हो रकिया, जुळव. आधी तुझ्या घरातली जुळव!"

सगळ्या हसल्या. माझ्या ते वर्मी लागलं.

कारण आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ अजून जुनी वेळ दाखवायचं. बतूलने नवी वेळ कधी मानलीच नव्हती. मी काटा पुढे करायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तासभर मागे. बूशैबला विचारलं तर खाली मान घालून म्हणायचा, "तेवढं एक राहू दे गं."

तो पाचला घरी यायचा. मी पुदिन्याचा चहा ओतायची. तो दोन घोट घेऊन ग्लास बाजूला सारायचा. माझ्या घड्याळात सहा वाजले, की त्या घड्याळात पाच व्हायचे. मग तो पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचा आणि दार लोटून घ्यायचा. बाहेर यायचा तो तृप्त चेहऱ्याने, छातीवर पावाचा चुरा घेऊन. आणि त्याच्या अंगाला दवण्याचा वास यायचा. चहात दवणा घालायची ती बतूल, मी घालत नाही. माझ्या घरात दवण्याची काडीसुद्धा नाही.

एकदा मी दाराच्या फटीतून पाहिलं. तो एकटाच बसला होता. समोर दोन ग्लास होते. त्याने आपल्या ग्लासाला हात लावला नव्हता... आणि दुसऱ्यातला चहा हळूहळू खाली जात होता.

मी किंचाळले नाही. भीती नंतर वाटली. आधी वाटलं ते एवढंच, की माझ्यासमोर हा असा हसत कधी बसला नाही.

रमजानसाठी सगळा देश महिनाभर जुन्या वेळेवर येतो. रोजे सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी घड्याळं मागे घेतात. मी त्या रविवारची वाट पाहत होते. सगळी घड्याळं एक झाली, की हिला लपायला वेगळा तास उरणार कुठे? बघतेच आता, म्हटलं.

रविवार उजाडला. संध्याकाळी माझ्या घड्याळात पाच आणि तिच्याही घड्याळात पाच. मी चहा ओतला. "घ्या ना," म्हटलं. बूशैब माझ्या अंगावरून नजर पुढे नेत स्वयंपाकघराकडे बघत राहिला. मी त्याचा खांदा हलवला. त्याने माशी झटकावी तसा खांदा झटकला. माझ्याच किटलीतून दवण्याचा वास येत होता.

मी तशीच पाव आणायला भट्टीवर धावले. "काका, माझा पाव?" जिलालीकाकांनी फावड्याने एक पाव बाहेर काढला आणि फळीवर ठेवला. त्यावर चंद्रकोर होती. "हा माझा नव्हे, तीन टोच्यांचा द्या..." काका माझ्या मागे उभ्या असलेल्या हनियाशी बोलू लागले. हनिया पुढे आली ती मी उभी होते तिथेच येऊन उभी राहिली. मला धक्कासुद्धा लागला नाही.

घरी आले तर दार आतून बंद. मी ठोठावलं, ठोठावलं...

"कोण आहे गं?" आतून बूशैबचा आवाज आला. इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एक बाई म्हणाली, "कुणी नाही. तिची वेळ व्हायला अजून महिना आहे. चहा घ्या, निवतोय."

दार कुणी उघडलं नाही, तरी मी आत होते; तो महिना मी त्याच घरात काढला. दोघं समोरासमोर बसून रोजा सोडायची आणि मी भिंतीला टेकून बघायची. माझ्याबद्दल एकदाही बोलणं निघालं नाही. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

ईदनंतर घड्याळं पुढे गेली. त्या सकाळी बूशैब म्हणाला, "रकिया, मोजे कुठे आहेत?" जणू काही झालंच नव्हतं. मी मोजे दिले आणि मोरीत जाऊन रडले.

आता गल्लीत हनिया अर्जावर सह्या गोळा करतेय, जुनी वेळ बारा महिने ठेवा म्हणून. पोरांसाठी म्हणते, आणि तिचं काही चूक नाही. सगळ्यांनी सही केली. मी एकटीच नाही म्हणाले, तर मला फ्रान्सची सून म्हणून चिडवतात.

काल पाचला मी चहा ओतला. बूशैबने चक्क पूर्ण ग्लास संपवला. मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "जुनी वेळ कायमची झाली तर किती बरं होईल, नाही?"

"कशाला?" मी म्हटलं.

पण त्याने मला विचारलं नव्हतं. त्याचं तोंड स्वयंपाकघराकडे होतं. तिथे पाचला अजून तास होता... तरी आत कुणीतरी धुतलेला ग्लास पालथा ठेवल्याचा आवाज आला.