घास संपेपर्यंत

मापाड्याचं खरं नाव त्याच्या आईलासुद्धा आठवून सांगावं लागे. चहात साखर विरघळायला किती सेकंद लागतात हे जो घड्याळ लावून बघतो, त्याला दुसरं काय म्हणणार? त्याचा धंदाही तसलाच. वादकांची रेकॉर्डिंगं संगणकात घालायची, सॉफ्टवेअर प्रत्येक ठोक्यावर एक उभी रेघ मारतं, आणि मग कुठला ठोका किती मागेपुढे पडला ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सांगायचं. भलेभले त्याला वचकून असत.

एका सोमवारी दुपारी त्याची थोरली बहीण पेनड्राइव्ह घेऊन आली. ताई वाद्यवृंदात बावीस वर्षं बोटांनी ढोल वाजवत होती.

"ताल सुटतोय म्हणतात माझा," ती म्हणाली. "शनिवारी संचालक स्वतः ऐकणारेत. ठोका मागे पडला, की माझ्या जागी दुसरी."

"तुझा ताल सुटला तर घड्याळं बंद पडतील, ताई."

"मस्का नको लावूस, मापाड्या. मोज."

त्याने मोजलं. सहा महिन्यांतली चार रेकॉर्डिंगं, चार वेगळी सभागृहं. माणूस चुकतो तेव्हा त्याची चूकही वेडीवाकडी असते. ही नव्हती. सात ठोके सुतासारखे सरळ आणि आठवा, म्हणजे उजव्या करंगळीचा, मागे. दर खेपेला थोडा जास्तच मागे. ताई कुणासाठी तरी थांबत असावी तसा.

मग त्याने गाळ काढला. वाद्याचा आवाज उपसून घेतल्यावर तळाला जे उरतं, त्याला तो गाळ म्हणे. त्यात एरवी पंखा असतो, खोकला असतो, एखादी कुरकुरणारी खुर्ची असते. त्याने हेडफोन चढवले, चहाचा घोट घेतला.

मचमच.

कुणीतरी तोंड उघडं टाकून खात होतं. जिभेवरून काहीतरी चिकट सुटत होतं, टाळूला लागत होतं, दाढांखाली कूर्चा फुटत होती. लाळ गोळा होत होती. मग गुळकन गिळणं, आणि त्याच क्षणी ताईचा आठवा ठोका.

मापाड्याने तोंडातला चहा परत कपात थुंकला. हेडफोन रुमालाने पुसले आणि रुमाल ओला झालाय का तेही पाहिलं. वादकांत एखादा खादाड असायचाच, असं त्याने स्वतःला समजावलं आणि चारही गाळ एकावर एक ठेवून पाहिले. तोंड एकच होतं. घास तेवढा मोठा होत चालला होता.

मंगळवारी त्याने ताईला ऐकवलं. तिचा चेहरा एकदम हलका झाला.

"म्हणजे तुलाही ऐकू येतं तर!"

"कोण आहे ते?"

"काय माहीत. ढोलाच्या कातड्याखालून येतं, माझ्या हाताखालीच. मी थांबते रे त्याचा घास संपेपर्यंत. खाणाऱ्याच्या तोंडात हात कसा घालायचा?"

"धन्य आहे तुझी! ढोलाशीसुद्धा रीतभात?" तो हसला आणि त्याने हेडफोन पुन्हा पुसले.

मग त्याने आपल्या अकलेप्रमाणे इलाज केला. कानठळ्या बसवणारी टिकटिक तयार करून तिच्या कानात घातली. "बाकी काही ऐकायचं नाही. टिक वाजली, की बोट पडलंच पाहिजे."

"आणि त्याचं तोंड उघडं असलं तर?"

"त्याचं तो बघेल."

ताईने चार दिवस घोटून घोटून सराव केला.

शनिवारी संचालक खूश झाले. रविवारी सकाळी नवं रेकॉर्डिंग आलं. आठवी रेघ जागच्या जागी. मापाड्या स्वतःवरच खूश होऊन गाळ ऐकायला बसला. पंखा. खुर्ची. बाकी काही नाही.

सुटलो, म्हणत त्याने गाळातून उपसलेला नुसता ढोलाचा आवाज लावला.

सात ठोके कोरडे होते. आठवा ओला.

ठोका आणि चावा, सॉफ्टवेअरला आता वेगळे काढता येत नव्हते.

दारावरची घंटा वाजली. ताई हसत आत आली. उजवा हात कोटाच्या खिशात.

"जागा राहिली रे माझी!"

"हात बघू."

तिने तो बाहेर काढला. चार बोटांची टोकं पाण्यात भिजल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली. करंगळी नव्हती. जखम नाही, रक्त नाही. चोखून टाकलेल्या गोळीसारखा गुळगुळीत, गुलाबी उंचवटा. त्यावर लाळेची तार.

"दुखत नाही," ती म्हणाली. "ते सोड. ताल बघ."

संगणकाचा माइक चालूच होता. तिने टेबलावर बोटं टाकली. एक, दोन, तीन. सात रेघा उमटल्या.

आठव्याला तिचा हात हवेत थांबला. टेबलाला काहीच लागलं नाही.

पडद्यावर रेघ उमटली. अगदी वेळेवर.